हेलमारची वाटणी

जमिनीची वाटणी होते, विहिरीच्या पाळ्यांची होते, प्रसंगी एका परातीसाठी दोन जावा दोन टोकांना धरून उभ्या राहतात. पण परतूरच्या तातेराव आणि मच्छिंद्र या सख्ख्या भावांनी जे वाटून घेतले, ते वाटल्याचे दुसरे उदाहरण पंचक्रोशीत नव्हते. त्यांनी एक स्टिरिओ वाटून घेतला.

हेलमार कंपनीचा तो संच दोघांनी मिळूनच आणला होता. कापसाला भाव चढला होता, दोघांचीही लग्ने नुकती झाली होती, आणि औरंगाबादच्या एका दुकानाच्या काचेतून हेलमार त्यांच्याकडे पाहत होता. थोरल्याच्या मांडीवर रेकॉर्ड प्लेअर, धाकट्याच्या मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर आणि बाकाखाली सागवानी रंगाचे दोन उंच स्पीकर, असा तो पॅसेंजर गाडीने परतूरला आला. घराच्या लांबलचक बैठकीत एक स्पीकर डाव्या कोपऱ्यात उभा राहिला, एक उजव्या. तातेराव मधोमध बाज टाकून, डोळे मिटून बसले आणि मच्छिंद्र अ‍ॅम्प्लिफायरचे एक बटण तसूतसूने फिरवू लागला. दुकानदाराने बजावले होते की, दोन्हीकडचा आवाज सारखा झाला म्हणजे गाणारा माणूस बरोबर मध्ये येऊन उभा राहतो. "बस. मधी आलं," असे थोरल्याने म्हटले की धाकट्याने हात काढायचा. पुढे तो त्या घराचा रिवाजच झाला. सण असो, पाहुणा असो, आधी थोरल्याने मध्ये बसायचे, धाकट्याने बटण फिरवायचे, आणि ते दोन शब्द पडल्याशिवाय कुणी चहाच्या कपाला तोंड लावायचे नाही.

मग विहिरीच्या पाळीवरून बिनसले. पंच बसले. पंचांचा न्याय काट्यावरच्या मापाचा. दोन्ही पारडी सारखी दिसली की त्यांचे काम संपले. रेकॉर्ड प्लेअर, तबकड्या आणि डावा स्पीकर थोरल्याला. अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट वाजवायचा टेप आणि उजवा स्पीकर धाकट्याला. वहाणांच्या जोडातली एकेक वहाण दोघांना दिल्यासारखे हे झाले, हे तेव्हा कुणी बोलले नाही, आणि नंतर बोलण्याइतके भाऊच एकमेकांशी बोलत नव्हते. बैठकीच्या मधोमध भिंत आली. तीही पुरी झाली नाही. वरच्या हातभर फटीच्या विटा कुणी आणायच्या यावर एकमत होईना, तेव्हा गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला आणि दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या बाजूने त्या फटीत बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या. अंगण तेवढे एकच राहिले, कारण त्यात नळ होता आणि नळ कापता येत नव्हता.

मच्छिंद्रचा मुलगा आदिनाथ या भिंतीच्या उजव्या अंगाला जन्मला.

त्याच्या लहानपणी घरात एक कॅसेट होती. हेलमारने संचाबरोबर एक नमुन्याची तबकडी दिली होती. ती बाजारात कधी विकायला आली नाही. वाटणीच्या आधी मच्छिंद्रने तिच्यावरून ही कॅसेट भरून घेतली होती. कॅसेटमध्ये बासरी होती. ती काही क्षण वाजे आणि थांबे. पुन्हा वाजे, पुन्हा थांबे. आदिनाथला वाटे, बासरीवाला फार विचारी माणूस असावा. एक वाक्य बोलून तो पुढचे वाक्य मनाशी जुळवत बसत असावा. वर्गात हात वर न करणाऱ्या, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणाऱ्या त्या मुलाला असा माणूस जवळचा वाटला यात नवल नाही. त्या शांततेच्या जागांत तो स्वतः हळूच गुणगुणत असे. जगात कुणी आपल्या बोलण्याची वाट पाहत थांबले आहे, असे त्याला तेवढ्यापुरते वाटे. अ‍ॅम्प्लिफायरच्या एका बटणाला मात्र हात लावायची त्याला मनाई होती. का, ते वडिलांनी कधी सांगितले नाही. एके दिवशी टेपने ती फीत गिळली, ओढून काढताना तिचा चोथा झाला, आणि बासरी गेली ती गेलीच.

भिंतीच्या डाव्या अंगाला त्याची चुलत बहीण प्रियदर्शनी वाढत होती. ती वर्षानेच मोठी, पण बोलण्यात दहा वर्षांनी. मोठ्यांचा अबोला मुलांना लागू नव्हता. शाळेत दोघे एका बाकावर डबा खात. एकदा आदिनाथने हेलमारच्या बासरीचे कौतुक केले, तेव्हा तिने त्याला वेड्यात काढले. तबकडी तिच्या घरी होती, दर रविवारी तिचे वडील ती एका गावठी अ‍ॅम्प्लिफायरवर लावत, आणि तिच्यात बासरी नव्हतीच. तिच्यात सारंगी होती. तीही मध्येमध्ये थांबणारी.

"तुमच्या घरात उंदीर वाजवत असंल बासरी," ती म्हणाली होती.

हे भांडण वर्षभर चालले. ते मिटले कसे, तर बेंचवर बोटांनी ताल धरून ती आपली सारंगी गुणगुणू लागली आणि जिथे ती थांबली तिथे आदिनाथच्या तोंडून आपोआप बासरी निघाली. डावीकडून सारंगी विचारत होती, उजवीकडून बासरी उत्तर देत होती, आणि मध्ये त्यांच्या बापांनी भिंत बांधली होती.

आता आदिनाथ जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. ओल्या कागदावर बी पसरायचे आणि कोणते उगवते याची निमूट वाट पाहायची, हे काम त्याच्या स्वभावाला मानवले होते. प्रियदर्शनी परतूरलाच शाळेत शिकवत होती. मागच्या वर्षी तिने तबकडी लागली असताना फोनवर सारंगी टिपून त्याला पाठवली. जालना-परतूर गाडीत खिडकीशी बसून तो ती ऐके आणि रिकाम्या जागी आठवणीतली बासरी भरायला पाही. पण आठवण पाण्यासारखी असते. ओंजळीत धरून किती वर्षे चालणार? उत्तराच्या दोन-तीन ओळी त्याच्या हातून निसटल्या होत्या. त्या काही केल्या परत येईनात. सगळ्या अ‍ॅपवर शोधले. तबकडीचे नावही कुठे नव्हते. एकदाच, केवळ एकदा, दोन्ही बाजू एकत्र ऐकायच्या, एवढीच इच्छा त्याला लागून राहिली. रोजच्या तिकिटाबरोबर तीही खिशात असे.

अशा वेळी फोनवर एक जाहिरात आली: 'हेलमार परत येत आहे. तुमच्याकडे जुना हेलमार आहे का?'

लाजाळू माणूस तोंडाने जे बोलू शकत नाही ते लिहून मोकळा होतो. आदिनाथने एका बैठकीत कंपनीला सगळे लिहून टाकले. तबकडी, फीत, भिंत, सारे. पाठवल्यावर त्याचे कान तापले आणि तो पाठवलेले परत घेता येते का ते शोधत बसला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून ज्योत्स्ना नावाच्या बाईंचा फोन आला. हेलमारच्या जुन्या वस्तू जमवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या तबकडीबद्दल त्यांनी नुसते ऐकले होते. कंपनीकडे तिची एकही प्रत नव्हती. संच पुरा असेल, दोन्ही स्पीकर वाजत असतील, तर तबकडी त्याच संचावर ऐकायला आणि टिपून घ्यायला त्या स्वतः येणार होत्या. येत्या रविवारीच.

आदिनाथने फोन ठेवला तेव्हा प्रयोगशाळेतल्या ओल्या कागदांवरचे सगळे बी एकदम उगवल्यासारखे त्याला वाटले. मग त्याला आठवले की संच पुरा नाही. तो दोन घरांत आहे.

त्याने वडिलांना विचारले. मच्छिंद्रने सगळे ऐकून घेतले, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "माझा स्पीकर जागचा हलणार न्हाई." पलीकडे प्रियदर्शनीने तातेरावांपाशी विषय काढला. रात्री तिचा निरोप आला. मोठे बाबा म्हणाले होते, 'माझा स्पीकर जागचा हलणार न्हाई.' खाली तिने लिहिले होते, 'शब्दालाबी शब्द जुळतो. भाऊ आहेत खरे.'

आदिनाथ तो निरोप वाचत अंगणात नळापाशी बसला होता. समोर घराचे दोन दरवाजे होते, एक डावा, एक उजवा. मध्ये भिंतीची कड. डाव्या दाराच्या आत, डाव्या कोपऱ्यात, डावा स्पीकर. उजव्या दाराच्या आत, उजव्या कोपऱ्यात, उजवा. तो ताडकन उभा राहिला. वाटणी झाली तेव्हा स्पीकर कुणी उचललेच नव्हते. ज्या जागी ते पहिल्या दिवशी मांडले होते, त्याच जागी आजही होते. भिंत तेवढी मधून आली होती. ते हलायला नकोच होते. मोठ्या बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरपासून एक तार इकडे अ‍ॅम्प्लिफायरला आणायची, अ‍ॅम्प्लिफायरपासून एक तार तिकडे डाव्या स्पीकरला न्यायची. एक यायला, एक जायला. वर हातभर फट होतीच. दोन्ही दारे उघडी ठेवायची, आणि ऐकणाऱ्याने बसायचे इथे, नळापाशी, अंगणात, जिथे कुणाचीच मालकी नाही आणि दोघांचीही आहे.

तो आयुष्यात प्रथमच धावत कुणाच्या दारात गेला. प्रियदर्शनी ऐकतच राहिली. मग म्हणाली, "आदी, तू इतकं सलग बोलतोस, हे घरात ठाऊक आहे का?"

तारेला कुणी हरकत घेतली नाही. मच्छिंद्र म्हणाला, भिंतीवरून वीजमंडळाची तारही जातेच. तिचे आपण कधी काही मनाला लावून घेतले का? तातेरावांनी शनिवारी संध्याकाळी स्वतः रेकॉर्ड प्लेअर पुसला आणि सुईवरची धूळ फुंकरीने नव्हे, मऊ कुंचल्याने काढली, असे प्रियदर्शनीने कळवले.

रविवारी सकाळी नंदाबाईंनी, म्हणजे आदिनाथच्या मोठ्या आईने, स्टुलावर चढून फटीतल्या पिशव्या ओढल्या. पलीकडून आदिनाथची आई सुरेखा ओढत होती. कुठल्या कुठल्या हंगामातल्या पिशव्या निघाल्या. ज्या कंपन्या बुडाल्या, ज्या दुसऱ्यांनी विकत घेतल्या, ज्यांची नावेही आता कुणी घेत नाही, त्या सगळ्यांचे रंग त्या फटीत दबून बसले होते. शेवटची पिशवी निघाली आणि फटीतून दोन्ही घरांचा उजेड एकमेकांत मिसळला. दोघी जावा क्षणभर एकमेकींचे कपाळ तेवढे पाहत राहिल्या.

"लै बारीक झाली गं तू," नंदाबाई म्हणाल्या.

"नुसतं कपाळ बघून कळलं का, जाऊबाई?" सुरेखा म्हणाली.

आदिनाथने तारा टाकल्या. टोके सोलताना एकदा तार तुटली, एकदा बोट कापले, आणि त्याला दोन्हींचे काही वाटले नाही. बातमी गल्लीत फिरली होती. लोक येऊन कुंपणाशी उभे राहिले. पाणी भरायला आलेल्यांनी घागरी खाली ठेवल्या त्या ठेवल्याच. ज्योत्स्नाबाईंची गाडी आली तेव्हा अंगणात लग्नघराची कळा होती.

बाई चाळिशीच्या, साध्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. आदिनाथने लिहिलेले त्यांनी बारकाईने वाचले होते. डाव्या ओट्यावर तातेराव बसले होते, उजव्या ओट्यावर मच्छिंद्र; बाईंना मध्ये खुर्ची दिली होती. दोन्ही घरांतून चहा आला. बाईंनी दोन्हीकडचा घेतला.

तातेरावांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मालकाचा. हेलमारचा मालक आता कोण?

ज्योत्स्नाबाई जरा हसल्या. उत्तर लांब होते. मूळ मालक युरोपातल्या एका गावात वाद्ये बनवणारे घराणे होते. तिसऱ्या पिढीने कंपनी एका मोठ्या कारखानदाराला विकली. त्याने ती पैसा गुंतवणाऱ्या एका संस्थेला विकली. संस्थेने तिचे तुकडे केले: कारखान्याची जागा एकाला, स्पीकरचे आराखडे दुसऱ्याला, कानाला लावायचे हेडफोन तिसऱ्याला, आणि 'हेलमार' हे नाव चौथ्याला. तो चौथा म्हणजे त्यांची कंपनी. ती आजवर वॉशिंग मशीन आणि एसी बनवत आली होती. तबकडीचा हक्क यांपैकी कुणाकडे गेला याचा पत्ताच लागत नव्हता. कुणाचीच नाही म्हणून ती कुठल्याच अ‍ॅपवर नव्हती.

"नाव आमच्याकडे आलं," बाई म्हणाल्या, "पण नावाबरोबर आवाज आला नाही. म्हणून मी गावोगाव फिरते."

"म्हंजी घर इकलं, अन् दारावरची पाटी तेवढी हाती राह्यली," नंदाबाई म्हणाल्या.

बाईंनी ते नाकारले नाही. मच्छिंद्र समोरच्या नळाकडे पाहत, कुणालाच न उद्देशून म्हणाला की, साहेब लोकांतही वाटण्या लै होतात म्हणायच्या. डाव्या ओट्यावरून तातेराव त्याच नळाला म्हणाले की, त्यांचेही पंच आपल्यासारखेच असणार. गल्ली हसली. आदिनाथच्या मनात आले, गेली कित्येक वर्षे हे दोघे असेच नळाशी बोलत आले आहेत; आज तरी तो नळ त्यांच्यातून थोडा बाजूला होईल का?

तबकडी लावायची वेळ झाली. बाईंनी नळापाशी आपले टिपणयंत्र, म्हणजे रेकॉर्डर, मांडले. तातेराव आत गेले, सुई टेकवली आणि येऊन ओट्यावर बसले. मच्छिंद्रने अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. तबकडीची बारीक खरखर अंगणात आली, जशी दूरच्या रस्त्याने कुणी वाळकी पाने तुडवत यावे तशी. अंगण चिडीचूप झाले. पहिला प्रश्न सारंगीचा होता. आदिनाथने श्वास धरला.

काहीच वाजले नाही.

मग उजव्या दारातून बासरी आली. तीच, इतक्या वर्षांनी तीच. आदिनाथच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याच क्षणी ती थांबली व पुन्हा तीच जुनी शांतता. डावे दार मुके होते. प्रियदर्शनी धावत आत गेली; तार जागेवर होती. आदिनाथ अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेला. तिथली तारही जागेवर होती. मग त्याची नजर त्या मनाईच्या बटणावर पडली. बटणावरची पांढरी रेघ पार उजवीकडे, अगदी टोकाला टेकली होती. डाव्या बाजूचा आवाज तिथेच बंद झाला होता.

त्याने ते दारात येऊन हलक्या आवाजात ज्योत्स्नाबाईंना सांगितले, पण शांत अंगणात हलके काहीच राहत नाही. तातेराव उठले.

"सांगा त्यांला," ते बायकोला म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो सगळ्यांना लागला. "समदं आपल्या अंगाला वळवून घ्यायचं, ही खोड पहिल्यापासून हाय म्हनावं. पाणी वळवलं, आवाजबी वळवला. काढ गं प्रिया ती तार."

प्रियदर्शनी जागची हलली नाही. बाईंनी टिपणयंत्राकडे हात नेला. कुंपणापाशी कुणीतरी घागर उचलली. आदिनाथला वाटले, सगळे संपले. एवढ्या जवळ येऊन, उंबऱ्यावरच.

तेव्हा मच्छिंद्र उजव्या दारात आला. नळाकडे न पाहता तो थेट भावाकडे पाहून बोलला.

"दादा, पंच उठले त्या दिवशी मीच फिरवलं ते बटण. डावा तुमच्या वाट्याला गेल्ता, पन तार बदलली की त्याचा आवाज माझ्या उजव्यातबी आला असता. तुमच्या वाट्याचं माझ्या घरात वाजू नाई, म्हनून फिरवलं. आपल्या न्हाई त्या आवाजाला घरात कसं ठेवायचं? तवापासून कुणाला हात लावू दिला न्हाई."

तातेराव उभेच राहिले. उन्हात त्यांची सावली नळापर्यंत आली होती. आदिनाथला वडिलांच्या त्या जुन्या मनाईचा अर्थ आता कळत होता. बटण धोक्याचे आहे असे तो समजत आला होता, आणि ते होते दुसऱ्याच्या हिश्शाची राखण. तबकडी डावीकडची होती, डावा आवाज डावीकडच्यांचा होता. वडिलांनी तो इतकी वर्षे ऐकला नव्हता, चोरूनसुद्धा. जगात एवढा प्रामाणिक आणि एवढा व्यर्थ हट्ट दुसऱ्या कुणी धरला नसेल.

तातेरावांनी ओट्यावरची बाज ओढली. ती स्वतःच फरफटत अंगणाच्या मध्यावर आणली, नळापाशी टेकवली आणि तिच्यावर बसून डोळे मिटले.

"फिरव," ते म्हणाले.

मच्छिंद्र आत गेला. बटण जाम झाले होते. जोर लावताच दोन्ही दारांतून करकर ऐकू आली. तातेरावांनी मान हलवली. डाव्या दारातून काहीतरी पाझरू लागले, आधी नुसता श्वास, मग सूर.

"आजून."

सारंगी उंबऱ्यापर्यंत आली.

"लै झालं. माघारी. जरा... जरासं..."

अंगणात माश्यांचीही हालचाल थांबली असावी. तातेरावांचा उजवा हात आपोआप वर आला होता.

"बस. मधी आलं."

आणि आदिनाथने पाहिले की दोन्ही घरांचे चहाचे कप ओट्यांवर तसेच, भरलेले, निवून साय धरलेले पडून होते. बाईंखेरीज सकाळपासून कुणीच चहा घेतला नव्हता. कुणी कुणाला सांगितले नव्हते. नंदाबाई झटकन उठल्या आणि दोन्हीकडचे कप गोळा करून नवा चहा टाकायला निघाल्या. सुरेखा त्यांच्या मागोमाग त्याच दाराने आत गेली.

तबकडी पहिल्यापासून लावली. सारंगीने डावीकडून विचारले. बासरीने उजवीकडून उत्तर दिले. पुढे दोघी एकमेकींना पुरे बोलूही देईनात. एकीचे वाक्य दुसरी तोडू लागली, थट्टा करू लागली, रुसू लागली. आणि मग ते झाले, ज्याबद्दल दुकानदाराने दोन तरुण भावांना बजावले होते. सूर दोन्ही दारांतून सुटला आणि भिंतीच्या कडेपाशी, जिथे कुणी नव्हते आणि कुणी असणे शक्य नव्हते, तिथे येऊन उभा राहिला. लोक त्या भिंतीच्या कडेकडे पाहत होते. प्रियदर्शनी पदराने डोळे टिपत हसत होती. आदिनाथच्या हरवलेल्या ओळी आल्या. आठवणीतल्यापेक्षा साध्या होत्या, थोड्या खट्याळही. तो विचारी बासरीवाला मुळी विचार करायला थांबतच नव्हता. तो ऐकत होता.

तबकडी संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुई रिकाम्या खोबणीत फिरत राहिली, आणि ती उचलायला दोघे भाऊ एकदमच उठले. दार डावे होते. उंबऱ्यावर मच्छिंद्र थबकला. तातेरावांनी मागे न पाहता, तुला सुई उचलता येत नाही, पहिल्यापासूनच हात जड तुझा, पण ये बघायला, असे काहीसे पुटपुटत त्याला आत घेतले.

जाताना ज्योत्स्नाबाईंनी कंपनीचा प्रस्ताव मांडला. जुना संच कंपनीच्या संग्रहासाठी द्यावा. बदल्यात हेलमारचे नवे यंत्र मिळेल, दोन्ही घरांना एकेक. नमुना त्यांनी पिशवीतून काढला. एक गोल, देखणा डबा; तार नाही, दार नाही. तातेरावांनी तो हातात फिरवून पाहिला.

"याला डावं-उजवं कुठं हाय?"

बाई म्हणाल्या की आता सगळे एकातच येते.

तातेरावांनी डबा भावाकडे दिला. "मच्छिंदर, आपल्या वेळंला हा असता तर?"

"तर करवतीनं कापला असता, दादा," मच्छिंद्र म्हणाला.

अंगणात जे हसू फुटले त्यात बाईही होत्या. संच कुणी दिला नाही, आणि बाईंनीही पुन्हा विचारले नाही. त्यांना हवा होता तो आवाज यंत्रात आला होता. त्याचा मालक कोण, हे वकील ठरवणार होते. त्याला वर्षे लागतील, असे त्या म्हणाल्या. गाडीत बसताना त्यांनी आदिनाथला सांगितले की टिपलेले त्याला पाठवतील, निदान त्याला तरी. आणि फटीत पुन्हा पिशव्या कोंबू नका, असेही बजावले. नंदाबाईंनी त्या पिशव्या तोवर चुलीशेजारी घड्या घालून ठेवल्याही होत्या.

सोमवारी परतूरहून जालन्याच्या गाडीत आदिनाथला नेहमीची खिडकी मिळाली. फोनवर बाईंनी पाठवलेले येऊन पडले होते, प्रियदर्शनीचा निरोपही होता: 'तुझी बासरी कुणाचं पुरतं ऐकून घेत नाही.' त्याने लिहिले, 'तुझी सारंगी फार प्रश्न विचारते. घराण्याचाच गुण आहे.' मग त्याने कानात इअरफोन घातला; फक्त उजवा. का, ते त्याला धड सांगता आले नसते. लहानपणीची ती जागा अजून तिथेच आहे का, एवढेच पाहायचे होते. बासरी बोलली आणि थांबली. त्याने गुणगुणायला ओठ उघडले.

पण त्या शांततेत आता सारंगी होती. न लावलेल्या कानात, न आलेल्या सुरात, स्पष्ट. खिडकीबाहेर कापसाची राने मागे पळत होती. आदिनाथ थोडा वेळ तसाच बसून राहिला, काहीतरी हातातून सुटल्यासारखा, काहीतरी हाती आल्यासारखा. मग त्याने डावा इअरफोनही कानात घातला, तबकडी पहिल्यापासून लावली, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, जे त्याने आयुष्यात कधी केले नव्हते, विचारले, "ऐकायचंय का?"